कॅशबॅक की ट्रॅव्हल? आधी खर्चाची वही, मग कार्ड

मॉलच्या दारात टेबल मांडून बसलेला क्रेडिट कार्डाचा प्रतिनिधी दोनच आकडे सांगतो: ‘पाच टक्के कॅशबॅक’ किंवा ‘आठ लाउंज फ्री’, म्हणजे विमानतळावरच्या आरामकक्षात आठ फुकट भेटी. दोन्ही खरे असतात, पण तुमच्या घरखर्चाशी त्यांचा संबंध किती, हे त्याला माहीत नसतं. ते फक्त तुमचं बँक स्टेटमेंट सांगू शकतं. त्यामुळे कार्डांची तुलना करणारी संकेतस्थळं उघडण्याआधी एक वही किंवा एक्सेलचं कोरं पान उघडा. तासाभराचं काम आहे आणि अर्धा निर्णय तिथेच होतो.

एक अट मात्र आधीच. बिल दर महिन्याला पूर्ण भरता येत नसेल तर हा लेख तूर्त बाजूला ठेवा. कार्डावरचं व्याज साधारण महिना साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. ३०,००० रुपये एक महिना थकले तर १,०५० रुपये व्याज आणि १८९ रुपये कर, म्हणजे १,२३९ रुपये गेले. खाली ज्या कुटुंबाचा हिशेब मांडला आहे, त्याला महिन्याला मिळणारा कॅशबॅक याहून कमी आहे. शिवाय थोडीशी रक्कम थकवली तरी बिनव्याजी मुदत सगळ्याच खर्चावरची जाते. नवी खरेदीसुद्धा त्याच दिवसापासून व्याज खाऊ लागते.

पहिली पायरी: बारा महिन्यांचा खर्च

एकच महिना घेऊ नका. दिवाळी, शाळेची फी, विम्याचा हप्ता, मे महिन्यातला प्रवास हे सगळं वर्षातून एकदा येतं आणि तेच मोठं असतं. बँकेच्या ॲपमधून वर्षाचं स्टेटमेंट काढा, यूपीआयचे व्यवहारही धरा आणि खर्च गटांत वाटा. पुण्यातल्या एका चौकोनी कुटुंबाचा नमुना घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, महिन्याची सरासरी अशी:

किराणा १२,००० (निम्मा दुकानातून, निम्मा ॲपवरून)
ऑनलाइन खरेदी ९,०००
विमान आणि हॉटेल बुकिंग ५,०००, रेल्वे १,०००
बाहेरचं खाणं ४,००० (त्यातलं १,५०० घरी मागवलेलं)
औषधं-दवाखाना २,५००
पेट्रोल ५,०००
वीज, गॅस, मोबाइल, इंटरनेट ५,०००
विमा ४,०००
सोसायटीचा मेन्टेनन्स ३,५००

बेरीज ५१,००० रुपये. वर्षाचे ६ लाख १२ हजार. प्रतिनिधी याच आकड्याला पाच टक्क्यांनी गुणून ‘साहेब, तीस हजार वाचतील’ असं सांगतो.

दुसरी पायरी: जे मोजलं जात नाही ते खोडा

प्रत्येक दुकानाला कार्ड नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे) यादीतला एक चार आकडी वर्ग-क्रमांक मिळालेला असतो. कार्डाच्या दुनियेत त्याला एमसीसी म्हणतात. सुपरमार्केट ५४११, उपाहारगृह ५८१२, पेट्रोल पंप ५५४१, वीज-पाणी-गॅस ४९००, सराफ ५९४४, घरभाडं ६५१३, वॉलेट भरणं ६५४०. तुम्ही काय विकत घेतलंत हे बँकेला दिसत नाही, दिसतो तो हा क्रमांक. ‘मी तर किराणाच घेतला, मग पॉइंट का नाहीत?’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं: दुकानदाराचं मशीन भलत्याच वर्गात नोंदलेलं असतं. सोसायटीचा मेन्टेनन्सही अनेकदा ६५१३ मध्ये, म्हणजे भाड्याच्या खात्यात जाऊन पडतो.

कोणते वर्ग वगळले आहेत ते बँकेच्या संकेतस्थळावर ‘एमआयटीसी’ (सर्वात महत्त्वाच्या अटींचा कागद) आणि त्या कार्डाच्या स्वतंत्र अटी-शर्ती या दोन कागदांत लिहिलेलं असतं. जाहिरातीच्या पानावर नसतं. पेट्रोल, भाडं, वॉलेट आणि ईएमआय जवळपास सगळीकडे बाहेर. विमा, वीजबिल, शाळेची फी, दागिने आणि सरकारी भरणा यांचं कार्डागणिक वेगळं: कुठे शून्य, कुठे निम्मे पॉइंट, कुठे महिन्याची मर्यादा. काही बँका घरभाड्यावर आणि ठरावीक रकमेपुढच्या वीजबिलांवर एक टक्का शुल्कही लावतात. तिथे कमाई तर सोडाच, पदरचे पैसे जातात.

पेट्रोलबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. ‘एक टक्का सरचार्ज माफ’ याचा अर्थ एक टक्का फायदा असा नव्हे. पंपावर कार्ड घासलं की एक टक्का जादा लागतो, तो परत मिळतो, एवढंच. त्यावरचा जीएसटी परत येत नाही, आणि सवलत साधारण ४०० ते ५,००० रुपयांच्या व्यवहारापुरतीच असते. दोनशेचं पेट्रोल यूपीआयने भरलेलं बरं.

आपल्या नमुन्यातून पेट्रोल, बिलं, विमा आणि मेन्टेनन्स खोडले की १७,५०० गेले, ३३,५०० उरले. एक तृतीयांश खर्च कार्डाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

तिसरी पायरी: दोन कार्डं, एकच वही

आता दोन नमुन्याची कार्डं घेऊ. कोणत्याही एका बँकेची नाहीत, पण बाजारात अशीच मिळतात.

पहिलं कॅशबॅकचं: ऑनलाइन पाच टक्के, दुकानात एक टक्का, रेल्वे वगळलेली, एका स्टेटमेंटमध्ये कमाल २,००० रुपये. वार्षिक शुल्क ९९९ अधिक जीएसटी, म्हणजे १,१७९. वर्षात दोन लाख खर्च झाला तर पुढच्या वर्षी माफ.

ऑनलाइन २१,५०० चे १,०७५ आणि दुकानातल्या ११,००० चे ११०. महिन्याला १,१८५, वर्षाला १४,२२०. पहिल्या वर्षी शुल्क वजा जाता १३,०४१. एकूण घरखर्चाशी ताडून पाहिलं तर हे २.१ टक्के होतं. पाच नव्हे, पण वाईटही नव्हे.

दुसरं ट्रॅव्हलचं: विमान-हॉटेलवर शंभराला ५ पॉइंट, बाकी शंभराला २, बँकेच्या पोर्टलवर एक पॉइंट म्हणजे एक रुपया, शुल्क ५,००० अधिक जीएसटी, म्हणजे ५,९००. प्रवासाचे महिन्याला २५० पॉइंट, उरलेल्या २८,५०० चे ५७०. वर्षाला ९,८४०. शुल्क काढलं की ३,९४० रुपये हातात. समजा हेच पॉइंट विमान कंपनीकडे वळवून तुम्ही हुशारीने प्रत्येकी १.८० रुपयाला वापरलेत, तरी १७,७१२ वजा ५,९००, म्हणजे ११,८१२. एवढी खटपट करूनही कॅशबॅकच्या मागेच.

या घराला ट्रॅव्हल कार्ड नको. पण आता वहीतला एकच रकाना बदलू. मुलगी परदेशात आहे, दीड-दीड लाखाची दोन तिकीट-बुकिंग वर्षात होतात आणि तिकडे गेल्यावर दोन लाखांचा खर्च कार्डावर पडतो. पाच टक्क्यांनी दीड लाखावर ७,५०० व्हायला हवेत, पण कमाल मर्यादा २,००० ची. तीन लाखांवर मिळाले ४,०००, आणि मर्यादा तिकिटानेच खाल्ल्यामुळे त्या दोन महिन्यांची बाकीची ऑनलाइन खरेदी कोरडी गेली. ट्रॅव्हल कार्डावर त्याच तिकिटांचे १५,००० पॉइंट. त्यात परकीय चलनाच्या शुल्कातला फरक (तो पुढे येतो) मिळवला, तर रोजच्या खर्चातली पिछाडी आणि ५,९०० चं शुल्क भरून काढून हे कार्ड काही हजारांनी पुढे जातं.

म्हणजे टक्क्याआधी वाचायची गोष्ट आहे ती कमाल मर्यादा. मर्यादेला टक्क्याने भागा: २,००० ला पाच टक्क्यांनी भागलं की ४०,०००. एका स्टेटमेंटमध्ये चाळीस हजारांच्या पुढे हे कार्ड शून्य टक्क्याचं आहे. दिवाळीच्या महिन्यात फ्रिज आणि मोबाइल एकाच बिलात आणण्यापेक्षा स्टेटमेंटच्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे घेतले तर दोन मर्यादा वापरता येतात.

‘कॅशबॅक’ या शब्दाचे तीन अर्थ

पैसे आपोआप बिलातून वजा होतात, तो खरा कॅशबॅक. दुसऱ्या प्रकारात ‘कॅश पॉइंट’ साठतात, ते तुम्ही ॲपमध्ये जाऊन वळवायचे. त्यावर अनेक बँका ९९ रुपये अधिक जीएसटी असं शुल्क घेतात आणि मुदत संपली की पॉइंट जातात. तिसऱ्यात पैसे एखाद्या दुकानाच्या वॉलेटमध्ये जमा होतात. उदाहरणार्थ, ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाला वार्षिक शुल्क नाही, पण कमाई ॲमेझॉन पे शिल्लक म्हणून येते. तिथे महिन्याला खरेदी करणाऱ्याला काही फरक पडत नाही. न करणाऱ्याला मात्र पडतो.

आणखी एक बारकावा: बिलात जमा झालेला कॅशबॅक बऱ्याच बँका तुमचा ‘भरणा’ धरत नाहीत. ड्यू डेटच्या आधी रक्कम तुम्हालाच भरायची असते. वस्तू परत केली तर तिचा कॅशबॅकही परत जातो, कधी पुढच्या बिलात.

पॉइंटची खरी किंमत काढताना

एकाच कार्डाचे १०,००० पॉइंट विमान तिकिटावर ५,००० रुपयांचे, व्हाउचरवर ३,५०० चे आणि बिलात वळवले तर २,००० चे असू शकतात. बँका शेवटचा पर्याय मुद्दाम स्वस्त ठेवतात. म्हणून ‘शंभराला चार पॉइंट’ हे वाक्य अर्धवट आहे. चार पॉइंट कशासाठी आणि किती रुपयांचे, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

विमान कंपनीच्या माइल्समध्ये, म्हणजे तिच्या स्वतःच्या पॉइंटमध्ये, वळवणार असाल तर सूत्र असं: रोख भाड्यातून पॉइंटांनी काढलेल्या तिकिटावरही भरावे लागणारे कर वजा करा, उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटनी भागा. मुंबई–दिल्ली रोखीने ६,८०० चं, किंवा ३,५०० पॉइंट अधिक ९०० रुपये कर असं समजू. ५,९०० भागिले ३,५०० म्हणजे पॉइंटला १.६९ रुपये. चांगलाच भाव. मात्र भागाकारात भाडं तेच धरा जे तुम्ही खिशातून भरलं असतं. दोन लाखांचं बिझनेस क्लास तिकीट तुम्ही कधीच घेणार नव्हता, तर ‘पॉइंटला चार रुपये मिळाले’ ही फुशारकी यूट्यूबपुरतीच.

इथे चुका ठरलेल्या आहेत. पॉइंट विमान कंपनीकडे एकदा गेले की परत येत नाहीत, म्हणून आधी हव्या त्या तारखेला पॉइंटचं आसन आहे का ते पाहा, मगच वळवा. काही कंपन्यांकडे पॉइंट मिनिटांत पोचतात, काहींकडे दिवस जातात आणि तेवढ्यात आसन जातं. विमान कंपनीच्या सदस्यत्वावरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळलं पाहिजे. आडनाव आधी की नंतर यावरून अडलेले व्यवहार थोडे नाहीत. वर्षाला किती पॉइंट वळवता येतात याचीही कमाल असते.

आणि पॉइंट म्हणजे मुदत ठेव नव्हे. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची माइल्सची योजना चालवणारी जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी असल्यामुळे माइल्स बुडाले नाहीत, पण ज्या विमानांसाठी जमवले ती राहिली नाहीत. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या नावाने निघालेल्या बँकांच्या कार्डांना मूळ अर्थ उरला नाही. एकाच कंपनीशी बांधलेलं कार्ड घेताना एवढं ध्यानात असू द्यावं, आणि पॉइंट वर्षभरापेक्षा जास्त साठवू नयेत.

राउंडिंगचं गणितही पाहा. ‘दर १५० रुपयांना’ म्हणजे १४९ च्या व्यवहारावर काहीच नाही आणि २९० वर एकदाच. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून वडापाव-चहाचे पैसे देणाऱ्याला हे चटकन जाणवतं: दिवसाला पाच छोटे व्यवहार, पॉइंट शून्य. अशा खर्चासाठी टक्क्यात मोजणारं रुपे कार्ड घ्यावं, आणि त्यातही व्यवहाराची किमान रक्कम बघावी. हे पैसे दुकानदाराच्याच क्यूआरवर जातात, मित्राच्या खात्यावर पाठवता येत नाहीत.

परदेश आणि लाउंज

बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचा व्यवहार केला की साडेतीन टक्के मार्कअप (बँकेचं जादा शुल्क) आणि त्यावर जीएसटी, असे ४.१३ टक्के जादा पडतात. लाखाला ४,१३०. दोन टक्के मार्कअपच्या कार्डावर २,३६०, आणि शून्य मार्कअपची कार्डंही मिळतात. वर्षातून एकच परदेशवारी असेल तर मोठ्या शुल्काचं ट्रॅव्हल कार्ड घेण्यापेक्षा शुल्क नसलेलं शून्य-मार्कअप कार्ड जोडीला ठेवणं शहाणपणाचं. भारतात बसून परदेशी संकेतस्थळावर रुपयांत पैसे भरले तरी काही बँका वेगळं शुल्क लावतात, हेही अटींत शोधा.

दुबईत किंवा लंडनमध्ये मशीनवर ‘रुपयांत भरायचं की स्थानिक चलनात?’ असा प्रश्न आला तर स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की विनिमय दर दुकानदाराच्या बाजूची पेमेंट कंपनी ठरवते, आणि बँकेचं शुल्कही काही वेळा लागतंच. कार्डाने एटीएममधून रोख काढू नका: साधारण अडीच टक्के किंवा किमान ५०० रुपये शुल्क, आणि पहिल्या दिवसापासून व्याज.

लाउंजचं आकर्षण कमी करून बघावं. आता बऱ्याच कार्डांवर मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच प्रवेश मिळतो. म्हणजे दिवाळीत पुणे–दिल्ली जायचं तर जुलै ते सप्टेंबरचा खर्च तपासला जातो. सोबतचा माणूस फुकट की पैसे भरून, देशांतर्गत की आंतरराष्ट्रीय, आणि यादीत तुमचं विमानतळ आहे का, हे तिन्ही विचारा. किंमत धरताना एका भेटीचे हजार रुपये धरू नका; एरवी विमानतळावर जे खाल्लं असतं त्याचे तीन-चारशे धरा.

अर्ज करताना

कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट ब्युरोंकडून वर्षाला एकदा क्रेडिट अहवाल फुकट मिळतो: सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. आधी तो पाहा. बंद झालेलं कर्ज ‘चालू’ दिसत असेल तर ते दुरुस्त करून मगच अर्ज करा. एकाच आठवड्यात चार बँकांकडे अर्ज टाकले तर चार चौकशा नोंदल्या जातात आणि पाचवी बँक बिचकते. पगार खातं जिथे आहे तिथली ‘प्री-अप्रूव्ह्ड’ ऑफर आधी बघा. तिथे तेच कार्ड कधीकधी कायमचं विनाशुल्क असतं. ‘फ्री’ म्हणजे पहिल्या वर्षापुरतं की आयुष्यभर, हे तोंडी नको, ईमेलवर घ्या. पूर्वीचा काही क्रेडिट इतिहास नसेल तर मुदत ठेवीवरचं कार्ड मिळतं; सुरुवात तिथून होते.

फॉर्ममध्ये विम्याची, कार्ड-सुरक्षा योजनेची खूण आधीच केलेली असेल तर काढा.

कार्ड आल्यावर पहिल्याच दिवशी ॲपमध्ये चार गोष्टी: परदेशी व्यवहार बंद, ऑनलाइनची मर्यादा तुमच्या खर्चाएवढी, टॅप करून देण्याची सोय हवी की नको (५,००० पर्यंत पिन लागत नाही), आणि ऑटो-डेबिट. ऑटो-डेबिटमध्ये ‘मिनिमम ड्यू’ नव्हे, ‘टोटल ड्यू’ निवडा. मूळ निवड कित्येकदा मिनिममची असते आणि वर्षभर व्याज जात राहतं. स्टेटमेंटची तारीख पगारानंतर ड्यू डेट येईल अशी बदलून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार हा बदल मागता येतो.

वर्ष भरताना

शुल्कमाफीचं वर्ष एप्रिल ते मार्च नसतं, कार्ड मिळालेल्या महिन्यापासून मोजतात. अकराव्या महिन्यात ॲपमध्ये ‘किती खर्च झाला’ ते पाहा, आणि भाडं, वॉलेट, ईएमआय त्यात धरलंय का ते विचारा. दोन-पाच हजार कमी पडत असतील तर पुढच्या महिन्याचा किराणा आधी भरता येईल. पण पन्नास हजार कमी असतील तर १,१७९ वाचवण्यासाठी नवा टीव्ही घेऊ नका. शुल्क लागलंच तर ग्राहक सेवेला फोन करून ‘कार्ड बंद करायचं आहे’ असं सांगा. बऱ्याचदा शुल्क परत मिळतं किंवा अमुक खर्चावर माफीची ऑफर येते.

एका आर्थिक वर्षात १० लाख किंवा त्याहून जास्त बिल भरलं तर बँक त्याची माहिती आयकर खात्याला देते. मित्रांचे खर्च आपल्या कार्डावर घेऊन पॉइंट जमवणाऱ्यांनी हे विसरू नये. उत्पन्न आठ लाख आणि कार्डाचं बिल चौदा लाख असेल तर विचारणा होऊ शकते.

शुल्कमाफीची ऑफर नाही आली आणि हिशेबही जमत नसेल, तर कार्ड बंद करा. आधी पॉइंट वापरून टाका, चालू ईएमआय मिटवा, ओटीटी-विजेचे ऑटो-पे दुसऱ्या कार्डावर न्या, बाकी शून्य करा आणि मग ईमेलने किंवा ॲपमधून विनंती टाका. तिचा क्रमांक जपून ठेवा. सात कामकाजाच्या दिवसांत बँकेला कार्ड बंद करावं लागतं. थकबाकी नसताना उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला देणं लागतं. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. महिना-दीड महिन्याने क्रेडिट अहवाल पुन्हा काढून ते कार्ड ‘बंद’ दिसतंय का, तेवढं बघून घ्या.